हिराजी मास्तरांचा कान

हिराजी मास्तरांच्या बंडीच्या खिशात मीठ असे. इतर मास्तर मंडळी तपकिरीची डबी बाळगत. हे फडक्याच्या गाठीत मूठभर जाडं मीठ बाळगत. कविता म्हणायची वेळ आली की गाठ सोडायची, एक खडा जिभेवर ठेवायचा, डोळे मिटून तो विरघळू द्यायचा आणि मगच तोंड उघडायचं. कोणी हसलं तर म्हणत, "तुमचा घसा खडीसाखरेनं सुटतो, आमचा मिठानं सुटतो. घसा ज्याचा त्याचा."

परवा ठाण्यात एक सभा झाली. जिल्ह्यातल्या कवींची नावं एका विद्वान गृहस्थांनी वाचून दाखवली. मास्तरांचं नाव त्यांत नव्हतं. मला राहवलं नाही, मी उभा राहून विचारलं. तर शेजारचे वकील हसून म्हणाले, "कोण, ते मिठागरावरचे मास्तर? त्यांना कान नव्हता हो. तसं छापून आलंय."

मी बी.ए. आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी पाहिली नाही. वडील ठाण्याच्या कचेरीत पट्टेवाले होते आणि सहीच्या जागी अंगठा उठवत. तेव्हा छापलेल्या अक्षराला मी कमी लेखत नाही; त्या अक्षरानंच मला खुर्चीवर बसवलं. पण हे एक वाक्य खोटं आहे आणि ते खोटं कसं झालं हे माहीत असलेला माणूस आता बहुधा मीच उरलो आहे. म्हणून लिहितो. वकिलांना राग आला तर येवो.

कल्याणच्या इंग्रजी शाळेत मी मास्तर झालो तेव्हा जी खोली घेतली, तिच्या भिंतीपलीकडे हिराजी मास्तर राहत. मराठी शाळेतले दुय्यम मास्तर. मूळचे कळव्याच्या खाडीकाठचे, आगरी. बाप मिठागरावर राबता राबता गेला, आई अजून राबत होती. त्यांच्या गावात शिकून पागोटं घालणारा पहिला माणूस हाच. आम्ही दोघे आपापल्या घरातले पहिले, म्हणून आमचं जमलं असं लोक म्हणत. मला विचाराल तर भिंत पातळ होती म्हणून जमलं.

पहाटे त्या भिंतीवर बोटं वाजायला लागत. टक, टकटक, टक, टकटक. थोड्या वेळानं हाक येई, "काय बीए, जागे आहात का?"

"आता झालो."

"ऐका. कुठं अडतंय ते सांगा."

मग चार ओळी येत. मला त्या गुळगुळीत वाटत. मी तसं सांगे.

"अडतंय. तिसऱ्या ओळीत जीभ ठेचकाळते. तुम्ही डोळ्यानं ऐकता, तुम्हाला नाय कळायचं." मग किंचित थांबून, "नाही कळायचं."

हे 'नाय' आणि लगेच मागून 'नाही' त्यांच्या बोलण्यात कायम असे. आधी स्वतःचा शब्द निसटे, मग सरकारी शब्द त्याच्या मागे धावे. कवितेची त्यांची परीक्षा एकच होती. "तोंडात बसलं पाहिजे," म्हणत. कागदावर कसं दिसतं याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. छंदशास्त्र ते शिकले होते, शाळेत शिकवतही होते, पण गण मोजताना मी त्यांना तेव्हा कधी पाहिलं नाही. मोजणं म्हणजे पांगळ्याची काठी, असं त्यांचं मत.

एकदा देवळात बाहेरगावचे हरदास आले होते. आर्या म्हणताना बुवा एका मात्रेनं घसरले. खांबाआडून आवाज आला, "हं." बुवा पुढे गेले, पुन्हा घसरले. पुन्हा "हं." असं तीन-चारदा झाल्यावर बुवा वैतागून म्हणाले, "त्या खांबामागे कोणाला ठसका लागलाय, त्याला पाणी पाजा रे!" लोक हसले. मास्तर माझ्याबरोबर घरी आले. दारात म्हणाले, "माझ्या तोंडून आपोआप निघतं हो. कोणी पायावर पाय दिला तर तुम्ही ओरडत नाही का?"

शाळेत मास्तर शुद्ध भाषेचे फार कडक. वर्गात आगऱ्यांची, कोळ्यांची, शेतकऱ्यांची पोरं. 'हाय' म्हटलं की हातावर पट्टी. 'नाय' म्हटलं की पट्टी. "बाहेर काय वाटेल ते बोला. इथं आहे आणि नाही," असं दरडावत. एकदा नकाशा दाखवण्याच्या भरात त्यांच्याच तोंडून गेलं, "ही बघा, इथं आपली खाडी हाय." मागच्या बाकावरून एक पोरगं कुजबुजलं, "मास्तरनी पन म्हनला." मास्तरांनी पट्टी उचलली, स्वतःचा डावा हात पुढे धरला आणि सण्णदिशी मारून घेतली. मग म्हणाले, "आहे. म्हणा सगळे, आहे." ही गोष्ट कल्याणात पुष्कळ दिवस चवीनं सांगितली जाई. मीही सांगत असे. तिच्यातलं दुखणं पुढे कळलं.

कविता म्हणायला त्यांना जागा लागत नसे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात, न्हाव्याच्या पुढ्यात, लग्नात नवरामुलगा घोड्यावर चढेपर्यंत, जिथे चार कान दिसतील तिथे खिशातली गाठ सुटे. लोक वाहवा करत. पण त्या वाहवेनं त्यांचं पोट भरत नसे. त्यांना अभिप्राय हवा होता. पुण्यामुंबईची मासिक पुस्तकं ते मागून आणत आणि आधी शेवटची पानं उघडत; तिथे नव्या कवितांवर टीकाकारांनी लिहिलेलं असे. ते मोठ्यानं वाचत, जणू आपल्यावरच लिहिलंय.

"इथं एवढी माणसं डोलतात, ती काय खोटी?" मी एकदा विचारलं.

"ती आपली. आपला माणूस डोलायचाच. परक्यानं म्हटलं पाहिजे, बीए. ज्यानं माझं तोंड पाहिलं नाही, माझी जात विचारली नाही, त्यानं नुसता कागद वाचून म्हटलं पाहिजे, की हा कवी आहे. मग मी आहे."

एवढंच त्यांना जन्मभर हवं होतं. फार मागणं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

ती संधी आली. ठाण्याच्या पुस्तकालयात वसंतपंचमीला समस्यापूर्तीची सभा भरे. एक ओळ आधी जाहीर होई. ती शेवटी येईल अशा तीन ओळी वर रचायच्या आणि सभेत म्हणून दाखवायच्या. ओळ मुद्दाम पेचाची असे. चांगल्या पूर्ती आबासाहेबांच्या मासिकात छापल्या जात. आबासाहेब म्हणजे पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार. मासिक स्वतः चालवत, स्वतःच तपासत. त्या वर्षी त्यांनी ओळ दिली होती भुजंगप्रयात वृत्तातली: 'मिठाला म्हणावे कसे गोड, सांगा!'

ओळ वाचून मास्तर माझ्या खोलीत येऊन खाली बसले. "ही माझ्यासाठीच टाकलीय," म्हणाले. त्या रात्रीपासून भिंत वाजली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "हिला रचायचं काय? ती झालेलीच हाय." या वेळी मागून 'आहे' आलं नाही.

सभेला मी बरोबर होतो. एका शास्त्रीबुवांनी पूर्तीत समुद्रमंथन आणलं, एका कारकुनानं नवऱ्याच्या बोलण्यातलं मीठ आणलं, हशा झाला. मग मास्तर उठले. गाठ सोडली, खडा जिभेवर ठेवला. पुढच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, "पुरावा बरोबर आणलाय!" आणखी हशा. मास्तरांनी डोळे उघडले आणि म्हटलं:

घरी नाय दाना, दुधा नाय गाई,
भुकेल्या मुलाला रिती हाय आई;
तिची खार बोटां चुपे पोर जागा,
मिठाला म्हणावे कसे गोड, सांगा!

पहिल्या 'नाय'ला दोघंतिघं खुदकन हसले. दुसऱ्या ओळीला हसू विझलं, तिसरीत आईची खारट बोटं चोखणारं पोर सगळ्यांना दिसलं. चौथी ओळ त्यांनी समस्या म्हणून म्हटलीच नाही. समोरच्या माणसांना खरंच विचारलं. आबासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "शब्द जरा ओबडधोबड आहेत, मास्तर," ते म्हणाले, "पण जागा... जागा फार मोठी पकडलीत. पुढच्या अंकात येईल ही."

परतीच्या आगगाडीत मास्तर खिडकीच्या लाकडावर बोटं वाजवत होते आणि मध्येच स्वतःशी हसत होते. मी त्यांना तसं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

अंक आला. मास्तरांनी नाव पाहिलं, नावावरून बोट फिरवलं आणि पान समोर धरून सगळी कविता खणखणीत म्हटली, 'हाय' आणि 'नाय'सकट. मी मागून वाकून पाहत होतो. छापलेलं वेगळंच होतं.

"मास्तर, हे पाहिलंत का? 'घरी नाही दाणा, दुधा नाही गाई. भुकेल्या मुलाला रिती आहे आई.' आबासाहेबांनी शुद्ध केलंय."

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "हो की," म्हणाले. मग, "बरंच झालं. तपासणीला येणारे डेप्युटीसाहेब वाचतील. शाळेत चालेल असं झालं." पण दोनदा ओठ हलवून पाहिले आणि पान मिटलं.

पुढल्या महिन्यात पुण्याच्या एका मासिकात त्या पूर्तींवर अभिप्राय आला. ज्याची वाट पाहिली तो परका माणूस अखेर बोलला. शास्त्रीबुवांना शाबासकी होती, कारकुनाला चिमटा होता. मास्तरांविषयी इतकंच होतं, की कल्पना बरी, परंतु या एका श्लोकात भुजंगाची कंबर तीन ठिकाणी मोडली आहे. या कवीस कान नाही, असे म्हणणे भाग आहे.

टीकाकाराचं चुकलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो. 'नाय'च्या जागी 'नाही' घाला, 'हाय'च्या जागी 'आहे' घाला, आणि म्हणून पाहा. जीभ तीनदा खड्ड्यात जाते. त्यानं कागद वाचला आणि कागदावर होतं ते सांगितलं. आबासाहेबांचंही आपल्या परीनं चुकलं नव्हतं. मी तडक ठाण्याला त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "अहो, शाळामास्तर 'हाय' लिहितो असं मी छापू? मी त्यांची अब्रू राखली." मी म्हटलं, "अब्रू राखलीत आणि माणूस घालवलात." त्यांना राग आला, पण भले गृहस्थ होते. म्हणाले, "त्यांनी सहीनिशी लिहून द्यावं, की मूळ शब्द हे आणि ते मला तसेच हवेत. मी खुलासा छापतो."

तो निरोप घेऊन मी भिंतीपलीकडे गेलो.

"लिहा मास्तर. दोन ओळींचं काम."

"काय लिहू?"

"मूळ शब्द हाय आणि नाय असे होते."

"कोणाचे शब्द?"

"तुमचे."

"मी कोण?"

"कवी."

"मराठी शाळेतला दुय्यम मास्तर," ते म्हणाले. "ज्या शब्दाला पोरांच्या हातावर पट्टी मारतो, तो शब्द माझा, असं सही करून छापू? उद्या वर्गात कोणत्या तोंडानं उभा राहू? डेप्युटी परीक्षेला येतील, मासिक टेबलावर ठेवतील आणि विचारतील, मास्तर, हे काय? मग आई मिठागरावर आहेच. तिच्या शेजारी मी."

"पण कान नाही म्हणतायत तुम्हाला! तुम्हाला!"

"म्हणू दे. कान नाही म्हटल्यानं नोकरी जात नाही. भाषा नाही म्हटल्यानं जाते."

मी पुष्कळ बोललो. रागानं बोललो. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बीए, तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही घरची भाषा कॉलेजच्या दाराशी ठेवून आत गेलात, परत येताना उचललीत की नाही कोणी विचारत नाही. मला तीच विकून पोट भरायचंय." तो खुलासा कधीच गेला नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण पुढे जे झालं ते वाईट. मास्तरांना हळूहळू ते वाक्य खरं वाटू लागलं. परकाच म्हणाला होता ना. भिंतीवरची बोटं थांबली. आता ते बोटांच्या पेरांवर लघू-गुरू मोजत बसत, ओठ पुटपुटत, मध्येच दचकून पहिल्यापासून मोजत. शेजारच्या घरात कोणी पाळणा म्हणत असलं, तर मला विचारत, "हे बरोबर चाललंय ना?" देवळात हरदास घसरले तरी खांबाआडून काही येत नसे. वर्गात मात्र पट्टी वाढली. पोरं त्यांच्यासमोर तोंडच उघडेनाशी झाली.

आणि तो श्लोक ते दुरुस्त करत होते. एका रविवारी मला म्हणाले, "चला गावाला. बसला एकदाचा."

होडीनं खाडी ओलांडून आम्ही त्यांच्या घरी गेलो. आई ओट्यावर बसली होती. हाताच्या भेगांत पांढरं कायमचं बसलेलं. मला 'बसा दादा' म्हणाली, लेकाकडे पाहून नुसती हसली. मास्तर उभे राहिले, मीठ जिभेवर ठेवलं आणि म्हणाले:

गृही धान्य नाही, न दुग्धार्थ गाई,
क्षुधेने शिशू व्याकुळे, रिक्त आई...

वृत्त अगदी चोख. पुण्याच्या टीकाकारानं पेरं मोजली असती तरी एक चुकलेली मात्रा सापडली नसती. म्हातारी लक्ष देऊन ऐकत होती, जसं भटजीचं मंत्र म्हणणं ऐकतात. संपल्यावर तिनं हात जोडले.

"चांगला हाय," म्हणाली. "ह्या कोनाचा रं, हिरा?"

मास्तर माझ्याकडे पाहीनात. "एका मोठ्या कवीचं आहे, आये."

"आसंल. आता तुजा म्हन ना. त्यो माज्या बोटांचा."

ते म्हणाले नाहीत. घसा बसलाय म्हणाले. मग तिनंच म्हटलं, जातं ओढल्यासारखं अंग मागेपुढे करत, 'घरी नाय दाना, दुधा नाय गाई.' एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. आगरावर आम्ही समद्या म्हनतो, असं तिनं मला कौतुकानं सांगितलं. मास्तर अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्यांच्या हाताची पेरं हलत होती.

पुढे माझी बदली झाली, मी ठाण्याला आलो. मास्तरांची आई गेल्याचं कळलं. मग त्यांनी नोकरी सोडून गावी मुक्काम केल्याचं कळलं. कोणी म्हणे सोडली, कोणी म्हणे सोडवली. पोरं शाळेत येईनाशी झाली होती असंही कोणी म्हणालं. मी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही.

शिमग्याच्या सुमारास एका कामासाठी मला कळव्याला जावं लागलं. खाडीच्या बाजूनं मिठागरांच्या बांधावरून चाललो होतो. ऊन चढलं होतं, वाफ्यांत मीठ धरलं होतं, आणि बायामाणसं लाकडी फळ्यांनी ते ओढून ढीग लावत होती. गाणं चाललं होतं. मी थबकलो. तोच श्लोक. 'नाय'ला फळी पुढे टेकत होती, 'गाई'ला मागे येत होती. सगळ्यांचे हात एका लयीत, जणू ओळ नव्हे, दोर ओढताहेत. मी आजवर ऐकलेल्या मोठमोठ्या सभांत कविता इतकी नीट म्हटलेली ऐकली नाही.

बांधाच्या पुढच्या वळणावर एक माणूस मिटलेली छत्री टेकून उकिडवा बसला होता. पागोटं विटलेलं. मी हाक मारणार तेवढ्यात तो उठला आणि ओरडला, "आहे! आहे म्हणा. हाय नव्हे!"

गाणं तुटलं. फळ्या थांबल्या.

"नाही म्हणा. घरी नाही दाणा. हां, चला, पुन्हा."

त्यांनी म्हणून पाहिलं. मास्तरांचा मान होता त्यांना. 'घरी नाही' म्हणताना एकीची फळी लवकर टेकली, दुसरीची उशिरा. तिसरी नुसती हसत उभी राहिली. पुन्हा म्हटलं. पुन्हा अडखळलं.

एक पोक्त बाई कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "मास्तर, तुमची आये आसाच म्हनायची."

"ती चुकत होती," मास्तर म्हणाले.

मग ते वाकले, ढिगातून एक खडा उचलला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. सगळ्यांनी फळ्या सोडल्या. पुढे काय येतं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मीही जवळ जाऊन उभा राहिलो. खडा विरघळायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. आणखी गेला. त्यांचे ओठ हलले, पेरं हलली, पण तोंड काही उघडलं नाही.

त्यांनी डोळे उघडले. मी समोरच होतो. ओळखलं की नाही, मला सांगता येत नाही.

"एक जागा अजून बसत नाही," ते म्हणाले, छत्री उघडली आणि बांधावरून गावाकडे चालू लागले.

मागे फळ्या पुन्हा सुरू झाल्या. गाणं कोणी उचललं नाही.